सगळ्यांच्या आधी पिकलेलं खाचर

भातशेतीच्या इतिहासात दोनच कालखंड मानावेत: गेणभाऊच्या आधीचा आणि गेणभाऊनंतरचा. असं गेणभाऊनं स्वतःच पारावर जाहीर केलं, तेव्हा ऐकायला शेजारचा रखमाजी आणि त्याची म्हैस एवढीच मंडळी हजर होती. म्हैस मधेच उठून गेली.

म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. डिंगोरे गावाच्या वर, डोंगराला टेकलेली ही वाडी. अलीकडं पाऊस लवकर काढता पाय घेतो आणि उशिरा पिकणारं जुनं गरवं भात ऐन दाणा भरायच्या वेळी तहानलेलं राहतं. म्हणून गेणभाऊनं लवकर तयार होणारं सुधारित बियाणं आणलं आणि सगळ्या खाचरांत तेच लावलं.

"एक खाचर तरी जुन्याचं ठिवा," बायको लंकाबाई म्हणाली. "वर्साचं खायाचं भात हाय त्ये."

"इज्ञानावर इश्वास ठिव."

विज्ञानानं शब्द पाळला. दसऱ्याच्या आधीच खाचरं पिवळीधमक झाली. भोवती सगळं हिरवंगार, मधे एकट्या गेणभाऊचं सोनं. ते पाखरांनीही पाहिलं. एरवी वाडीचं भात एकदम पिकायचं, पाखरं वाटली जायची, कुणाला कळतही नसे. यंदा आजूबाजूच्या सगळ्या थव्यांना एकच पत्ता ठाऊक होता.

नवराबायको उजाडल्यापासून पत्र्याचे डबे बडवू लागली. रखमाजी बांधावर येऊन निवांत उभा राहिला.

"गेणभाऊ, पंगत लई मोठी बसलीय. आमाला आवतान न्हाई?"

"आलायस तर डबा घे हातात."

"बियाणं हुशार हाय," लंकाबाई हात न थांबवता म्हणाली. "शेजाऱ्याच्या आधी पिकू नये, येवढंच त्याला कुनी सांगितलं न्हाई."

निम्मंच भात घरात आलं. मग पाऊस खरोखरच लवकर गेला. रखमाजीचं भात कमरेएवढं उभं, पण लोंब्या निम्म्या पोकळ. मळणी झाल्यावर दोघांच्याही कणग्या सारख्याच अर्ध्या. बियाणं बरोबर होतं; ते एकट्यानं लावणं चुकलं होतं. गेणभाऊला हे कळलं, पण जाहीर करावंसं वाटलं नाही.

एका संध्याकाळी तो रखमाजीच्या ओट्यावर जाऊन बसला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "म्होरल्या साली तू बी ह्येच लाव. बियाणं मी देतो."

रखमाजीनं संशयानं पाहिलं. "फुकाट? आन् तुला काय पायजे?"

"मला काय नगं," गेणभाऊ म्हणाला. "फकस्त निम्मी पाखरं तुज्याकडं घे."