दोनशे बारावे पान

एक नारळ आणि लग्नघरचे जेवण. भरल्या नदीत पुन्हा नाव घालून माझ्यातल्या नावाड्याला एवढेच मिळणार होते. मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. नवरीचा कुंकवाचा करंडा पलीकडे राहिला, तो आणायला नावाडी गेला आणि येताना बुडाला. करंडा मात्र काठाला लागला. आत थेंबभर पाणी नाही!

मनोरमाबाईंनी मला पुण्यात घेतले. त्यांचा मुलगा विलास नोकरीला दुबईत आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून मीही आले. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी घरांतून मी फिरले. बायकांनी माझ्यावर चहा सांडला, डोळेही पुसले. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माझी रवानगी राउटरखाली झाली.

यंदा मार्चमध्ये मनोरमाबाईंचे यजमान, आबा, गेले. विलास पुण्याला पोहोचेपर्यंत सगळे उरकले होते. तो आईला इकडे घेऊन आला, पण घरात आबांचे नाव कोणी काढीना. सून अनुपमा तर इतकी काळजीवाहू, की सासूबाईंना आठवण नको म्हणून तिने माझी नावाड्याच्या मरणाची पाने स्टेपल करून टाकली. चांगल्या चार पिना मारल्या. मला ऑफिसची फाइल समजली की काय!

पण नातीला, शुभ्राला, शाळेत आयरनीचे, म्हणजे दैवाच्या उलट्या खेळाचे, उदाहरण म्हणून नेमका तोच प्रसंग सांगायचा होता. मराठी ती बोलते, वाचताना अडखळते.

"आजी, पेज टू-ट्वेल्व्ह इज लॉक्ड."

मनोरमाबाईंनी केसातला आकडा काढून पिना उचकटायला घेतल्या.

"आई, राहू द्या ना ते!" अनुपमा किचनमधून धावत आली.

"का गं? नावाडी मेला हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. माझा नवरा गेला, हेही ठाऊक आहे. तुमच्याकडे मात्र विषय खलास!"

त्यांनी सगळा प्रसंग वाचून दाखवला. "आता सांग, यात आयरनी कुठली?"

"द बॉक्स स्टेज ड्राय," शुभ्रा म्हणाली. "नवरीचं कुंकू वाचलं, बट हिज वाइफ लॉस्ट हर्स."

"शहाणी गं माझी. आबांचं ऐक. सारखे विचारत होते, विलास निघाला का? शेवटी मी खोटंच सांगितलं, खाली टॅक्सीतून उतरतोय. हसले, आणि गेले."

ऑफिसातून आलेला विलास दारातच उभा होता. बूट न काढता तो आईजवळ खाली बसला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा रडला.

मित्रांनो, पुस्तकाची पाने जपा, पण टाचून ठेवू नका. पिनांनी माझा कागद चार जागी फाटला, ते चालायचेच. या घरातल्या गप्प बसण्याने सोय झाली होती विलासची. त्याची किंमत मोजत होत्या मनोरमाबाई.