दुसरा हात

"पाणी मारून घास. कोरडं नको," खुर्चीतून वडील म्हणाले.

"तुम्ही कधी मारलंत पाणी?" गुडघ्यांवर बसून बोटीच्या बुडाचा जुना रंग काढता काढता मुलीने विचारलं.

वडील हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो शमेपर्यंत ती घासायची थांबली.

चौतीस वर्षं त्यांनी बोटींची बुडं रंगवली होती. शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून या रंगात तांब्याचं विष घालतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण पाणी मारून घासायला दुप्पट वेळ लागतो आणि तोंडावर फडकं बांधलं की जीव गुदमरतो, म्हणून ते कोरडंच घासत आले. मुलगी सरकारी इस्पितळात नर्स. त्यांच्या छातीचा फोटो आधी तिनेच पाहिला. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बाईंची तेवढी करून टाकतो. शब्द दिलाय."

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ट्रेलरवरची त्यांची शिडाची बोट तीस वर्षांची. रंगावर रंग चढून तिच्या बुडाला पापुद्रे सुटले होते. रविवारी ती पाण्यात उतरायची होती. शेवटी मुलीनेच रजा टाकली.

घासण्यात दोन दिवस गेले. खांदे भरून आले, जुन्या रंगाचं लाल पाणी कोपरावरून बगलेत उतरलं. बोट ट्रेलरच्या ज्या आधारांवर टेकली होती, तिथली बुडाची जागा तशीच सोडून ती उठली.

"तिथेच आधी शेवाळ धरतं," वडील म्हणाले. "जॅक लाव."

"कुणाला दिसणारे?"

"मला दिसतंय."

तोंडातल्या तोंडात पुटपुटत तिने जॅक लावला.

शुक्रवारी नव्या रंगाचा पहिला हात झाला. शनिवारी सकाळी वडिलांचे ओठ निळे पडले. तिने त्यांना स्वतःच्याच वॉर्डात भरती केलं. दुपारी जरा उतार पडला, तसा त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"दुसरा हात?"

"मरू दे ती बोट."

"एका हातावर वर्ष निघत नाही. आज नाही दिलास तर वाळायचा कधी? जा. आणि डबा तळापासून ढवळ, तांबं खाली बसतं."

"मी इथेच थांबते, बाबा."

"थांबून काय करणार? माझा श्वास घेणार?"

तिला राग आला. यंत्रावरचे आकडे तिने दोनदा पाहिले. बरे होते. मग ती गेली.

बाईंनी डबा धरला, तिने रोलर फिरवला. फोन पिशवीत होता, पिशवी बाईंच्या गाडीत.

साडेपाचला ती परतली, तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. त्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता.

"चार वाजून दहा मिनिटांनी गेले," वॉर्डातली थोरली सिस्टर म्हणाली. "किती फोन केले गं तुला." तिच्या हातात ओलं फडकं होतं. "तू बाहेर बस. आम्ही करतो सगळं."

मुलगी बेसिनपाशी गेली. ड्युटीवर येताना धुवायची तसे तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि सिस्टरच्या हातून फडकं घेतलं.

वडिलांच्या नाकावर मास्कचा वळ अजून होता. तिने तिथून सुरुवात केली.