वहिदा सिस्टरनं गाव का सोडलं

लासूर स्टेशनहून आत, कच्च्या रस्त्यानं तासभर धूळ खाल्ली की लागणाऱ्या त्या गावात वहिदा सिस्टर बरीच वर्षं रमली होती. नवरा अन्सार शहरात, औरंगपुऱ्यातल्या कापडाच्या दुकानात. तो शनिवारी यायचा. बाकी आठवडा आरोग्य उपकेंद्र, मागच्या दोन खोल्या, वहिदा आणि तिची लेक. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली.

मका काढताना बन्सीला साप चावला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ कारभारी त्याला पाठीवर घेऊन तिच्याकडेच पळत आला. सापावरची लस उपकेंद्रात नव्हती. वहिदानं रस्त्यानं जाणारी जीप थांबवली, बन्सीचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतः सोबत निघाली. डांबरी सडक लागायच्या आत पोराचा श्वास थांबला.

जीप माघारी आली. उपकेंद्राच्या ओट्यावर सगळं गाव जमलेलं. कारभारी खाली उतरला आणि त्यानं वहिदाच्या थोबाडीत मारली.

"लस नाय तर दवाखाना कशाला मांडून बसलीस?"

लोक बन्सीला उतरवून घ्यायला धावले. बन्सीची आई, मनकर्णाबाई, लेकाच्या अंगावर पडून हंबरडा फोडत होती. त्या आकांतापुढं एका थपडेचं काय, असं वहिदाला तेव्हाही वाटलं. ती आत गेली आणि दार लावून बसली.

सकाळी दारात एक बाई पोराला घेऊन उभी. "सिस्टर, डोस हाय ना आज?"

गाव पुन्हा नेहमीसारखं बोलायला लागलं. बन्सीचं तेरावं झालं, आणि थोड्याच दिवसांत कारभारी धावत आला. बायकोला कळा सुटल्या होत्या. पोर पायाळू होतं. वहिदानं घाम गाळून मायलेकरांना सुखरूप सोडवलं. कारभारीनं पेढे आणले. "तुमच्यामुळं झालं, सिस्टर. बारशाला यायचं बरं का!" तो थपडेबद्दल आता बोलेल, मग बोलेल, अशी ती वाट बघत राहिली. तो बोलला नाही. बारशाला तिला लुगडं नेसवलं, ओटी भरली. ती हसली, जेवली आणि घरी येऊन ओकली.

शनिवारी अन्सार आला तेव्हा ती म्हणाली, "मेरेकू यहाँ नै रहना."

"क्या हुआ? किसीने कुछ बोला?"

"नै."

"फिर?"

थपडेचं त्याला सांगितलंच नव्हतं. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "पानी की लई तकलीफ है," ती म्हणाली. पाण्याची तकलीफ तर पहिल्या दिवसापासूनची होती. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना तिनं सासूचं आजारपण सांगितलं, गावाला लेकीची शाळा. यातलं खोटं काहीच नव्हतं. तरीही दर वेळी सांगून झालं की वाटायचं, हे नव्हे.

जायच्या दिवशी बायका रडल्या. तिची ट्रंक टेम्पोत चढवली ती कारभारीनंच.

शहरातल्या खासगी दवाखान्यात ड्युटी संपली की संपली. वहिदाला झोप लागायची. तरी कधी सलाईन लावताना मनात यायचं, आपण घाबरलो होतो, की रागावलो होतो? की ज्यांच्यावर माया केली त्यांची थप्पड खरी मानावी की लुगडं, हेच कळेनासं झालं होतं?

पुढच्या वर्षी गुडघे दाखवायला मनकर्णाबाई तिथंच आली. वहिदाला बघताच तिनं हात धरला.

"काय चुकलं गं आमचं? नवी नर्स टिकंना. तू का गेलीस?"

वहिदाच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, कारभारीनं मारलं होतं मला."

"मारलं? कवा?"

"बन्सीच्या दिवशी. सगळ्यांसमोर."

म्हातारीला खरंच आठवत नव्हतं. त्या दिवसातलं तिच्याकडं फक्त बन्सी उरला होता. वहिदाला लाज वाटली. आणि लाज का वाटावी, म्हणून रागही आला. एवढ्यात खालून नंबराची चिठ्ठी काढून कारभारी वर आला.

"कारभारी, तू सिस्टरला मारलं व्हतंस?"

त्याचा चेहरा उतरला. "व्हय," तो हळूच म्हणाला. "पर तुम्ही बाळंतपणाला आलात, बारशाला जेवलात... मला वाटलं, मिटलं. मिटलेलं उकरायचं कसं, म्हणून गप बसलो."

ती त्याच्या बोलण्याची वाट बघत होती, आणि तो तिचं येणं म्हणजे माफी समजला होता. तिनं माफ केलं होतं का? केलं असेल तर ती गेली का? नसेल केलं तर जेवली का?

"चुकलं माझं," कारभारी म्हणाला. "येता का माघारी?"

वर्षभर हवं होतं ते वाक्य आलं, आणि आतून काहीच हललं नाही.

"मला माहीत नाही," वहिदा म्हणाली. आजवर दिलेल्या उत्तरांत हेच तेवढं तिला खरं वाटलं.

आतून मनकर्णाबाईचं नाव पुकारलं गेलं. "सावकाश, मावशी," म्हणत वहिदानं तिला दंडाला धरून उठवलं आणि डॉक्टरांकडं घेऊन गेली.