काळ्या खिडकीतली गळलेली ओळ

वेलिकाबाईंचा मुलगा ओग्न्यान दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. तरी त्या त्याच्यावर धुमसत होत्या. हल्ली तो ताटावर बसला की आधी प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या त्या एवलोगीचं नाव घ्यायचा, आणि आईने तोंड उघडलं की गालात हसायचा. चाळिशीतला बाप्या, पदरात एक आजारी पोर, आणि हसणं असं, जणू आईच काल जन्मली!

गावात एकेकाळी संगणकांचा कारखाना होता. तो बंद पडला, पण गावाची ऐट काही बंद पडली नाही. इथल्या माणसाला रडणारी मूर्ती दाखवा, तो आधी मागची नळी शोधेल. पण प्रोग्रॅमचा मजकूर हातात द्या. चष्मा पुसून वाचायला बसेल, आणि वाचून समजला की तो खराच मानेल. एवलोगीने नेमकी ही नस पकडली होती.

रविवारी वाचनगृहाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नसायची. मेणबत्त्यांचा धूर, काळ्या सदऱ्यातला एवलोगी, आणि टेबलावर संगणकाचा भला मोठा पडदा. पडद्यावर काळी खिडकी, तिच्यात पांढरी अक्षरं.

"भावांनो, बहिणींनो, मी काय लपवतोय? माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ भिंतीवर लावलाय. वाचा, घरी न्या, दोष काढा!"

"मी वाचलाय," कारखान्यातले जुने इंजिनियर पेन्को उठून म्हणायचे. "रक्तातल्या साखरेचा आकडा घेतो, मर्यादेशी ताडून बघतो, जास्त असला की 'आजारी' सांगतो. यात काडीची लबाडी नाही."

एका रविवारी ओग्न्यानने नऊ वर्षांच्या लेकीला, रायाला, पुढे नेलं. तिला लहानपणापासून मधुमेह. रोज इन्सुलिनची सुई. साखर मोजायच्या मीटरवरचा तिचा आकडा एवलोगीने टाकला. काळी खिडकी म्हणाली, 'आजारी'. मग त्याने पडद्यावर आणि कळफलकावर नक्षीचं फडकं पसरलं, हात त्याच्याखाली घातले आणि डोळे मिटले. "आता हाच मजकूर मी प्रार्थनेसकट पुन्हा बांधतो, त्यातून चालता प्रोग्रॅम नव्याने घडवतो." फडकं उचललं. तोच मजकूर, तेच यंत्र, तोच आकडा. खिडकी म्हणाली, 'निरोगी'.

सभागृहात हुंदके फुटले. मागून एक बाई म्हणाली, "पण मीटर तर अजून जास्तच दाखवतंय."

"मीटरला जुनं रक्त दिसतं, ताई. नवं रक्त मुरायला वेळ लागतो. माझ्या अक्षरांना मात्र आत्ताच दिसतंय."

ओग्न्यानने घरी येऊन इन्सुलिनच्या बाटल्या चुलीत घातल्या. रायाची आई कामासाठी परदेशात. तिला फोनवर म्हणाला, सगळं छान चाललंय. खाली राहणाऱ्या आईला म्हणाला, "सुई मी वरच देतो, तू जिने चढू नकोस." पोर घागरभर पाणी प्यायला लागली, वाळायला लागली, ओकायला लागली. वेलिकाबाईंनी विचारलं की तो म्हणायचा, "पोटात बिघडलंय." शेवटी एका सकाळी राया उठेना. तिचा श्वास खोल आणि भरभर चालला होता. रुग्णवाहिका गेली तेव्हा कुठे वेलिकाबाईंना चुलीतल्या काचा दिसल्या.

त्या तडक शाळेत संगणक शिकवणाऱ्या रालित्साबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही त्या सभेला का नाही आलात?"

"मला वाटलं, तमाशा आहे. लोक हसतील आणि घरी जातील."

"माझी नात हसत नाहीये."

रालित्साबाईंनी पुढच्या रविवारी सभागृहात सगळ्यांसमोर सांगितलं, "एकदा फडक्याशिवाय करून दाखवा."

"फडकं काढलं की कृपा थांबते, बाई."

"थांबू दे की! जरा बघू तरी थांबलेली कशी दिसते," म्हणत वेलिकाबाई पुढे गेल्या आणि त्यांनी फडकं ओढून काढलं.

पडद्याच्या वरच्या कडेला एक चिमुकली चौकट होती. रालित्साबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "एकाच मजकुरातून प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी बांधता येतो. एक चाचणीची बांधणी, एक पक्की. हे महाराज फडक्याखाली एवढंच बदलतात."

"पण तपासणीची ओळ मजकुरात आहे ना!" पेन्को कडाडले.

"आहे, काका. पण ती कशात गुंडाळलीय बघा. ही गुंडाळी फक्त चाचणीपुरती असते. पक्की बांधणी केली की यंत्र ती अख्खी ओळ गाळून टाकतं. आकडा कुणी तपासतच नाही. आणि उत्तराच्या जागी 'निरोगी' आधीच भरून ठेवलंय." त्यांनी पक्की बांधणी केली आणि नऊशे नव्व्याण्णव टाकले. 'निरोगी'. चौकट बदलून पुन्हा बांधला. 'आजारी'.

पेन्कोंनी स्वतः खुर्चीत बसून दोनदा करून पाहिलं. मग ते म्हणाले, "मी घरी बांधून पाहिला होता. जास्त आकड्याला सारखा 'आजारी'च म्हणायचा. मला वाटलं, माझ्या हातात कृपा नाही."

"म्हणजे पहारेकरी कागदावर," वेलिकाबाई म्हणाल्या, "आणि दारात कुणीच नाही."

"अगदी तसंच."

एवलोगी "अश्रद्धांच्या दृष्टीने यंत्र बाटलं" असं पुटपुटत मागच्या दाराकडे सरकला. तिथे लोक आधीच उभे होते. पोलीस येईपर्यंत कुणी त्याला मारलं नाही, की पाणीही दिलं नाही.

राया काचेपलीकडे नळ्यांत पडून होती. जीव आहे, डॉक्टर म्हणाले; मेंदूला सूज आलीय, उठेल तेव्हा ती पहिल्यासारखी असेल का, ते आत्ता सांगता येत नाही. ओग्न्यान भिंतीला टेकून बसला होता.

"आई, मजकूर खरा होता गं. शिकलेल्या माणसांनी वाचला होता."

वेलिकाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ऐक. त्या चोराचं न्यायालय बघेल, तुझं मी सांगते. तुझ्या खिशात मीटर होतं, ते रोज खरं बोलत होतं. तुझ्या डोळ्यांसमोर पोर वाळत होती, तीही खरंच सांगत होती. तुला खोटं आवडलं, म्हणून तू दोघांना गप्प केलंस. जो म्हणतो 'माझ्याच हाताने होतं, तेही झाकून', त्याला उघड्यावर, दुसऱ्याच्या हाताने करायला लावायचं. एवढं विचारायला शाळा लागत नाही. तू विचारलं नाहीस. पोर उठली तर तिची सुई माझ्या हातात राहील, आणि नाही उठली तर तिच्या आईला फोन तू करायचास. खरं काय झालं ते सांगायचंस, आणि तेव्हा मी शेजारी उभी असेन."