पाठ केलेली मैत्रीण

जॉर्डनमध्ये, करकच्या मुलींच्या शाळेत मी अकरावीला इंग्रजी शिकवायचे. पुढच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत निबंध येणार, म्हणून मुली गाइडमधले निबंध घोकून येत. ‘माझी जिवलग मैत्रीण’ तर सगळ्यांची एकच : उंच, मनमिळाऊ, अभ्यासात मदत करणारी. नावाची जागा तेवढी रिकामी असे.

चाचणीचे पेपर तपासताना मला हसू आलं. तहानीने त्या जागी हियामचं नाव घातलं होतं आणि हियामने तहानीचं. ईद झाल्यापासून या दोघी एकाच बाकावर एकमेकींकडे पाठ करून बसत होत्या.

शाळा सुटल्यावर मी त्यांना थांबवून घेतलं.

“हियाम, तहानी उंच आहे का गं?”

“छे! माझ्या खांद्याला लागते.”

“मग लिहिलंस कशाला?”

“गाइडमध्ये तसंच आहे, मिस.”

“आणि जिवलग?”

हियामने मान दुसरीकडे वळवली.

“गाइड ठेवा बाजूला. तुम्ही बोलत का नाही, ते लिहा. इंग्रजीत.”

“अरबीत लिहू का, मिस?” तहानी म्हणाली. “इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही.”

“म्हणूनच इंग्रजीत.”

तहानी पेन चावत बसली. टोमणे मारायला लागणारे शब्दच तिच्याकडे नव्हते. शेवटी तिने सरळ लिहिलं : माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. तू आली नाहीस. मी दारात वाट पाहिली. मला वाईट वाटलं.

हियाम हाताचा आडोसा करून लिहीत होती. दोघींचं झाल्यावर मी कागदांची अदलाबदल केली. “आता एकमेकींच्या चुका काढा.”

“हिला तेवढंच येतं,” तहानी पुटपुटली आणि वाचू लागली.

मी आले होते. गल्लीत उभी होते. गाणी ऐकू येत होती. सगळ्यांचे कपडे नवे होते. माझा ड्रेस आईचा जुना होता, फार मोठा. मी घरी गेले.

तहानीने ते पुन्हा वाचलं.

“मूर्ख आहेस तू,” ती अरबीत म्हणाली. “माझा निळा ड्रेस कपाटात पडून होता!”

“मागणार कसा? तू तर राणीसारखी हुकूम सोडत होतीस सगळ्यांना.”

“सोडणारच! मदतीला होतं कोण माझ्या?” तहानीचा आवाज चढला आणि डोळे भरून आले.

हियाम बाकावर तिच्याजवळ सरकली. मग तिने तहानीच्या कागदावर बोट ठेवलं. “हे क्रियापद चुकलंय तुझं.”

“कुठे? दाखव.”

दोघी कागदावर वाकल्या. मी फळा पुसायला घेतला.

गुण मी दोघींना बेताचेच दिले, कारण इंग्रजी खरंच कच्चं होतं. पुढच्या आठवड्यात दोघी शिक्षकांच्या खोलीच्या दारात हजर.

“मिस, रुसण्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

मला नेमका शब्द सुचेना. “एका शब्दात नाही जमायचं. तीन-चार वाक्यांत सांगा,” मी म्हटलं.

दोघी तिथेच जिन्यात बसल्या आणि पहिलं वाक्य कोणी लिहायचं यावरून भांडू लागल्या.