सात गोलांची निषेध सभा

श्यामला सरनाईक पेपर मागून उघडते, हे मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या पानावर मंत्रिमंडळ पडलेलं असो नाहीतर धरण फुटलेलं असो, तिचं पहिलं काम खेळाच्या पानाशी. वाचताना ती गप्प बसत नसे. निवड समितीच्या डोक्यात शेण भरलंय, ह्या सेंटर फॉरवर्डला गेल्याच वर्षी घरी बसवायला हवा होता, तो अमका तीस धावा काढून तीन कसोट्या खातो, असं सगळं स्वयंपाकघरातून थेट गल्लीपर्यंत ऐकू जाई. तिचे यजमान नृसिंहराव हायस्कुलात गणित शिकवत. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. बायकोचं बोलणं निम्म्यावर आलं की ते टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला जात.

क्रिकेटवर ती रागवायची, कुस्तीवर वाद घालायची, पण जीव होता तो हॉकीवर. शाळेत ती लेफ्ट हाफ खेळली होती. मॅट्रिकनंतर लग्न झालं, पुढं पाटबंधारे खात्यात कारकुनी लागली आणि हातातली स्टिक सुटली. खेळ मात्र सुटला नाही. आता तिच्या भावाची मुलगी, पद्मजा, कॉलेजच्या मुलींच्या संघाची कॅप्टन होती, आणि प्रत्येक मॅचनंतर आत्याकडं यायला तिला धडकी भरायची. आत्या कौतुक करत नसे. कुठं चुकलीस तेवढं सांगे.

एकोणीसशे ब्याऐंशीचा डिसेंबर होता. दिल्लीत एशियाडची हॉकीची फायनल, समोर पाकिस्तान. कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये ट्रान्झिस्टर लावला होता आणि साहेबांसकट सगळी शाखा तिथं दाटीवाटीनं उभी होती. पहिला गोल आपण केला तेव्हा एकानं फायलींचा गठ्ठा वर उडवला. त्यानंतर जे सुरू झालं ते कुणाच्या कानांना खरं वाटेना. पाकिस्तानचे एक, दोन, तीन. चौथ्याला दोघं बाहेर विडी ओढायला गेले. सातव्या गोलाला खोलीत श्यामला आणि हेडक्लार्क एवढेच उरले होते. तिनं ट्रान्झिस्टर बंद केला आणि हेडक्लार्कलाच झापलं, जणू त्यानंच मॅच घालवली होती. सगळी टीम पुढं धावत सुटलेली, मागं दार सताड उघडं, असं कुणी खेळतं का?

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, बँकेच्या रांगेत, सगळीकडं एकच निकाल लागला होता: गोलकीपर फुटला. त्यानं पैसे खाल्ले. श्यामलाचं पित्त खवळलं. टपरीवर उभी राहून ती चार पुरुषांशी भांडली. सात वेळा माणसं एकट्याच्या अंगावर चालून आली, तेव्हा फुलबॅक कुठं होते, हाफ कुठं होते, ते आधी सांगा, असं ती म्हणाली. एकटा सापडला म्हणून त्याला झोडायचं, हे हरण्यापेक्षा वाईट. चौघांनी ऐकून घेतलं आणि ती वळल्यावर पुन्हा गोलकीपरवरच घसरले.

त्या दिवशीचा पेपर तिनं कचेरीत दुपारच्या सुट्टीत नीट वाचायला घेतला. खेळाचं सगळं पान पराभवानं भरलेलं. वर सात गोलांचं वर्णन, मध्ये माजी खेळाडूंच्या प्रतिक्रिया, बाजूला 'देशाची मान खाली' असा मथळा. आणि अगदी तळाला, केसांच्या तेलाच्या जाहिरातीला चिकटून, चार ओळी होत्या. त्याच एशियाडमध्ये भारताच्या मुलींनी हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं. पहिल्यांदाच मुलींची हॉकी तिथं खेळली गेली आणि पहिल्याच खेपेला त्या पहिल्या आल्या. गोल कुणी मारले, कॅप्टन कोण, काही नाही. चार ओळी आणि त्याखाली तेलाची बाटली.

तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग डबा तसाच झाकून, साहेबांना न विचारता, ती पेपरच्या कचेरीत गेली.

खेळाचं पान बंडू शिंदे बघायचा. तो पेठेतलाच, तिला वहिनी म्हणणारा. त्यानं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. पेपर टेबलावर पसरून तिनं त्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"वहिनी, गाव सगळं सुतकात हाय," बंडू म्हणाला. "आज बायकांची हॉकी कोण वाचतंय?"

"मी वाचते."

"तुम्ही एकट्या. आणि राग मानू नका, पण आपल्या गावात तरी पोरी खेळताना दिसत्यात कुठं? लोकांनी बघितलंच न्हाई, तर वाचणार काय?"

ती जास्तच भडकली. कारण पोरी का दिसत नाहीत, हे तिला चांगलं माहीत होतं. पेठेमागच्या मैदानावर सकाळी मुलींचा सराव चालायचा. दिवाळीच्या सुमाराला क्रीडाप्रेमी मंडळानं तिथं टेनिस बॉलच्या क्रिकेटचा नाद सुरू केला आणि मुलींना सांगितलं, तुमचं बघा कुठंतरी. तेव्हापासून पद्मजा आणि तिच्या मैत्रिणी कॉलेजच्या सायकल स्टँडच्या मागं, भिंत आणि गटार यांच्या मधल्या पट्ट्यात चेंडू मारत होत्या. कळंब्याहून एक जण सायकल हाणत यायची, दोघी गडमुडशिंगीहून पहिल्या एसटीनं. एवढं करून भिंतीला चेंडू मारायचा आणि परत जायचं.

त्याच मंडळानं शुक्रवारी संध्याकाळी चौकात निषेध सभा लावली. फळ्यावर लिहिलं होतं: 'हॉकीतील लाजिरवाण्या पराभवाचा जाहीर निषेध'. मंडळाचे अध्यक्ष गणपतराव चौगुले. दुधाचा धंदा, घोगरा आवाज, आणि एके काळी पेठेच्या फुटबॉल टीमचा फुलबॅक. चांगलं खेळायचे, हे श्यामलाही मान्य करी. सभेला दोनेकशे माणसं जमली. बायका गॅलऱ्यांतून बघत होत्या. श्यामला खाली उतरली आणि स्टेजजवळ जाऊन म्हणाली, मला बोलायचंय. गणपतरावांना वाटलं, हिला खेळातलं कळतं, बोलू दे. त्यांनी माईक दिला.

पहिली काही मिनिटं सभा तिच्या खिशात होती. तिनं टीमला सोलून काढलं. एक गोल मारून छाती फुगवणारे फॉरवर्ड, बॉल गेल्यावर मागं न वळणारे हाफ, वरून हुकूम सोडणारे अधिकारी, कुणालाच सोडलं नाही. गोलकीपरची बाजू घेतली तेव्हा थोडी कुजबूज झाली, पण शिट्ट्याही पडल्या. मग ती म्हणाली:

"आता दुसरं. ह्याच एशियाडात आपल्या पोरींनी सोनं जिंकलंय. हरलेल्यांचा निषेध करायला तुम्ही माईक लावलात, मांडव घातलात. जिंकलेल्यांचं अभिनंदन करायचा ठराव मी मांडते. आणि दुसरा ठराव, आपल्या पेठेतल्या पोरींचं ग्राउंड त्यांना परत द्या."

आधी कुणी हसलं. मग बरेच जण हसले. मागून एकजण ओरडला की पोरी जिंकल्या कारण समोर पण पोरीच होत्या. त्यावर तर चौक खदखदला. गणपतराव पुढं आले, हसत हसतच त्यांनी माईक तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "ताई, विषय भलतीकडं चाललाय. आजची सभा दुःखाची हाय." अनुमोदन कुणी दिलं नाही. निषेधाचा ठराव एकमतानं पास झाला, टीमच्या नावानं पुतळा जाळला, आणि माणसं भडंग खायला पांगली.

श्यामला तणतणत घरी आली. नृसिंहरावांनी सगळं गॅलरीतून ऐकलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती पाणी न पिता बोलत सुटली. अपमानाचं तिला काही नव्हतं, ऑफिसात रोज होतो. तिला लागलं होतं ते हसणं. सात गोल खाल्ले तर ही माणसं रडतात, शिव्या देतात, रात्री जेवत नाहीत. पोरींना मात्र शिवी देण्याच्यासुद्धा लायकीचं धरत नाहीत. नृसिंहरावांनी विचारलं, "मैदानाची मापं काय असतात?" तिला आधी कळलंच नाही, ते काय विचारतायत.

रविवारी उजाडताना ते दोघं मैदानावर होते. नृसिंहरावांनी सुतळी, खुंट्या आणि चुन्याचं पोतं आणलं होतं. वर्गातल्या फळ्यावर काढावा तसा त्यांनी दोन्हीकडचा डी, ज्याच्या आतून मारलेलाच गोल धरतात तो अर्धगोल, काढला, गुडघ्यावर बसून, सुतळी ताणून. सगळा लेंगा पांढरा झाला. पद्मजा पोरी घेऊन आली. दुसरी टीम म्हणून तिनं जुन्या खेळाडू गोळा केल्या होत्या. त्यात दोघी लग्न झालेल्या, एकीनं पाचवारी साडीचा काचा मारलेला.

ऊन वर येईतो क्रिकेटवाले आले, त्यांच्यामागून गणपतराव. सभेनंतर काहीतरी होणार हे पेठेला ठाऊक होतं, त्यामुळं बघे आधीच कट्ट्यावर बसले होते. हसायच्या तयारीनंच आले होते.

"ताई, पोरं थांबल्यात," गणपतराव म्हणाले.

"थांबू द्या. पोरी दिवाळीपासून थांबल्यात."

"ग्राउंड मंडळाचं हाय."

"कार्पोरेशनचं आहे. मंडळानं फक्त पाटी लावलीय."

त्यांनी अर्धा तास देऊ केला. तिनं सांगितलं की हॉकीची मॅच सत्तर मिनिटांची असते, आणि एक मिनिट कमी चालणार नाही. हलवायचं असेल तर आम्हाला उचलून हलवा. गणपतरावांनी कट्ट्याकडं बघितलं, चुन्याच्या रेषांकडं बघितलं. बायकांना हात लावून मैदानाबाहेर काढणारा माणूस ते नव्हते. मिशी चावत ते म्हणाले, "आटपा मग. शिट्टी कोण मारतंय?"

शिट्टी मारणारं कुणी नव्हतं. अंपायर ठरवायचा हे सगळेच विसरले होते. शेवटी गणपतरावांनीच क्रिकेटवाल्यांकडची शिट्टी घेतली आणि धोतर वर खोचलं.

पहिली दहा मिनिटं कट्ट्यावर टिंगल चालली होती. काचा मारलेली बाई पळायला लागली की पोटं धरून हसत होते. मग तिनं पद्मजाच्या स्टिकपुढचा बॉल असा अलगद काढून नेला की कट्टा गप्प झाला. थोड्या वेळानं कुणीतरी 'पास दे की' म्हणून ओरडलं. मग दुसऱ्या बाजूनं ओरडलं. उत्तरार्ध आला तरी गोल एकही झाला नव्हता, आणि कळंब्याच्या पोरीनं उजवीकडून सुरेख बॉल आणून पद्मजापुढं टाकला. समोर मोकळा गोल. पद्मजानं तो बाहेर मारला.

कट्टा खवळला. "डोळं फुटलं का तुझं?" एक म्हातारा काठी आपटून ओरडला. शुक्रवारी सभेत पोरी म्हणून हसणारे आता उभं राहून पद्मजाला शिव्या देत होते. श्यामलाचा आवाज त्या सगळ्यांच्या वर होता. मान वर करून मारलास, बॉलकडं बघायला काय झालं होतं, असं ती बाहेरून ओरडत होती आणि पद्मजा रडकुंडीला येऊन मागं पळत होती.

शेवटी शेवटी पद्मजानंच एक जोराचा फटका हाणला आणि बॉल गोलात गेला. गणपतरावांनी शिट्टी फुंकली आणि हात हलवला. गोल नाही. डीच्या बाहेरून मारला.

श्यामला सरळ मैदानात घुसली. स्टिकची खूण मातीत उमटलेली होती, रेषेच्या चांगली आत. तिनं ती बोटानं दाखवली. गणपतराव म्हणाले, त्यांनी बघितलंय. ती म्हणाली, तुम्ही फुटबॉलवाले, तुम्हाला डी म्हणजे काय ते कळत नाही. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला.

"बाहेर व्हा, न्हाईतर मॅच बंद करीन."

"करून दाखवा."

मॅच बंद झाली नाही, पण गोलही मिळाला नाही. बरोबरीत सुटली. क्रिकेटवाल्यांना त्या दिवशी खेळायला मिळालं नाही. पुढच्या बैठकीत मंडळानं मुलींना रविवार आणि बुधवारची सकाळ दिली. चार दिवस मागितले होते, दोन मिळाले. श्यामला त्यावरूनही भांडायची होतीच.

पण त्या रविवारी तिच्या डोक्यात तेवढा एक गोल होता. पोरी घाम पुसून एसटी गाठायला निघून गेल्या, नृसिंहराव सुतळी गुंडाळून घरी गेले, तरी मैदानाच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी ती आणि गणपतराव समोरासमोर उभे होते. दोघांच्याही हातातला चहा गार झाला होता. गणपतराव कपातल्या चहानं टेबलावर डी काढून दाखवत होते, आणि श्यामला म्हणत होती की तो मुळातच चुकीचा काढलाय.