विरजणाच्या बरणीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि तुम्ही हसण्याआधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. जी काचेची म्हणून जन्माला आली तिने शूर असावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. कुणाचं कोपर माझ्या जवळून गेलं तरी मी जीव मुठीत धरून बसते. मांजर ओट्यावर चढलं की मला माझे तुकडे केरसुणीखाली दिसायला लागतात. पण आज मी तुम्हाला जी भीती सांगणार आहे, ती फुटण्याची नाही. फुटणं मला आता त्या मानाने सोपं वाटतं.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. एका कारागिराने लालबुंद काचेचा गोळा नळीच्या टोकावर घेतला, गाल फुगवून फुंकर मारली आणि मला पोट आलं. "जरा जाडच झाली," तो म्हणाला. शेजारचा म्हणाला, "असू दे, टिकेल." एवढंच माझं बारसं. पुढे बरीच वर्षं मी एका औषधाच्या दुकानात शुद्ध पाणी साठवत होते. मग प्लॅस्टिकचे हलके कॅन आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून भंगारवाल्याकडे. तिथे रोज कुणीतरी माझ्या अंगावर लोखंड आदळायचं आणि रोज मी मनातल्या मनात मरायचे.

तिथून मला ताईने उचललं. ताई ही घरातली थोरली मुलगी. घरात तिचे म्हातारे बाबा, धाकटी बहीण आणि धाकटीचा नवरा. या नवऱ्याला घरातले सगळेच जावईबापू म्हणत. मोठा उत्साही आणि बोलका माणूस. रस्त्यात ओळख नसलेल्या माणसाशीही ते असे बोलत, की जणू दोघं एका ताटात जेवून मोठे झाले आहेत.

ताईला काळजी होती ती बाबांची. मोठ्या आजारातून ते उठले, पण अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पोटात प्रथिनं जायला हवीत. बाबांनी जन्मात मांस-अंडं तोंडाला लावलं नव्हतं. डाळी-कडधान्यांनी त्यांचं पोट ढोलासारखं फुगायचं आणि दात तर आजारपणाआधीच निरोप घेऊन गेले होते. मग ताई कुठूनतरी खाण्याचं शेवाळ वाढवायला शिकून आली. स्पिरुलिना म्हणतात त्याला.

"शेवाळ?" बाबा म्हणाले. "मला काय बेडूक समजलीस?"

"बाबा, हे डबक्यातलं नाही. हे वेगळं. वाळवलं की निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात त्यात."

"आणि चव?"

"चव आहे," ताई म्हणाली आणि पटकन विषय बदलला.

डॉक्टरांनाही तिने विचारलं. ते म्हणाले, चमचाभर द्या, जेवणाच्या जोडीला द्या, जेवणाच्या ऐवजी नको.

ताईने मला घासलं, उकळत्या पाण्यात घातलं (तेव्हा मी आता तडकतेच असं मला वाटलं होतं) आणि माझ्या पोटात ते पहिलं हिरवं पाणी ओतलं. मागच्या अंगणात पारदर्शक छपराखाली दोन टाक्या होत्या. दह्याला जसं विरजण, तसं त्या टाक्यांना माझ्यातलं पाणी. म्हणून घरात मला विरजणाची बरणी म्हणू लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी जागा होती. दिवसभर एक छोटा पंप माझ्या पोटात बुडबुडे सोडायचा आणि मला सारख्या गुदगुल्या व्हायच्या. टाकी दाट हिरवी झाली की ताई ते पाणी बारीक कापडातून गाळायची, राहिलेला चोथा दाबून सुतासारख्या काड्या काढायची, वाळवणीच्या कपाटात सुकवायची आणि दळून पूड करायची.

तिचे नियम कडक होते. पाण्यात सोडा आणि मीठ ठरलेल्या मापाने पडलंच पाहिजे. तसल्या तुरट-खाऱ्या पाण्यात आमचं शेवाळ सुखाने वाढतं आणि परकं शेवाळ सहसा तग धरत नाही. ते पाणी म्हणजे आमचं कुंपण. दुसरा नियम त्याहून मोठा. माझ्या काचेवर बोटाने टकटक करून ती सगळ्यांना सांगायची, "बरणीतून टाकीत. टाकीतून बरणीत कधीच नाही." आणि पूड करण्याआधी प्रत्येक वेळी ती एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पिळदार स्प्रिंगसारखे धागे दिसले, की मगच तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

ते दिवस माझे फार चांगले गेले. लोक टाक्या बघायला यायचे, आणि ताई त्यांना शेवटी माझ्यासमोर आणून उभं करायची. "सगळं हिच्यामुळे," ती म्हणायची. मी जरा फुगलेच होते, खोटं कशाला बोलू! बाबांच्या गालांवर थोडं मांस आलं. ते काठी न घेता फाटकापर्यंत जाऊ लागले.

पण रोज सकाळी केळ्यात कुस्करलेली ती हिरवी पूड समोर आली, की त्यांचं सुरू व्हायचं. "आज लोखंड चाटल्यासारखं लागतंय." "आज ओल्या पायपुसण्याचा वास येतोय." "आज तर चक्क माशाच्या टाकीचा." घरात हा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम झाला होता. जावईबापू तर आधीच विचारायचे, "काय बाबा, आज कसला वास?"

मग ताईला एका दूरच्या शहरात प्रदर्शनासाठी जावं लागलं. निघताना ती बाबांना म्हणाली, "मी नसताना कुरकुर करू नका हं. जावईबापूंना आधीच खूप काम आहे." बाबांनी मान हलवली. म्हातारी माणसं मुलीला दिलेला शब्द फार मनावर घेतात.

जावईबापूंनी टाक्यांची जबाबदारी आनंदाने अंगावर घेतली. पण त्या आठवड्यात ऊन भयंकर पडलं आणि नळाला पाणी नव्हतं. टाक्यांची पातळी खाली गेली. माझीही गेली. अंगणाच्या कोपऱ्यात झाडांना घालायच्या पाण्याचं एक जुनं पिंप होतं. उन्हात राहून त्यातलं पाणी हिरवं झालं होतं. जावईबापूंनी आत डोकावून पाहिलं आणि ते खूश झाले.

"हिरव्यात हिरवं," ते धाकटीला म्हणाले. "उलट वाढेलच की!"

"ताईला विचारा ना एकदा."

"एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला त्रास?"

त्यांनी बादल्या भरभरून ते पाणी टाक्यांत ओतलं. सोडा नाही, मीठ नाही. आमचं कुंपण त्यांनी स्वतःच्या हाताने पातळ करून टाकलं. आणि दोन-तीन दिवसांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "ही बिचारी का रिकामी राहावी?" त्यांनी टाकीतलं पाणी मगाने काढलं आणि माझ्यात ओतलं.

मित्रांनो, माझ्या पोटात काहीतरी परकं शिरलं हे मला लगेच कळलं. आमच्या पिळदार धाग्यांमध्ये गोल ठिपक्यांचे पुंजके तरंगू लागले. सकाळी ते वर काचेला चिकटून बसायचे. तसं शेवाळ विषारी असू शकतं, हे ताईनेच पाहुण्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. मी बुडबुड्यांनी ओरडून पाहिलं. पण बुडबुड्यांची भाषा कोण ऐकणार? बाहेरून बघणाऱ्याला मी तशीच हिरवीगार दिसत होते.

जावईबापूंनी पूड केली. सूक्ष्मदर्शक कपाटात होता, तो तिथेच राहिला. नवीन डब्या भरल्या. त्या संपल्या म्हणून पिवळ्या झाकणाच्या डब्या आणल्या आणि त्याही भरल्या. शेजाऱ्यांना वाटल्या, ओळखीच्यांना वाटल्या. पहिली डबी अर्थातच बाबांची.

सकाळी बाबांनी चमचा नाकाजवळ नेला आणि थांबले.

"जावईबापू, आज हे..."

"काय हो बाबा? आज कसला वास?" जावईबापू हसत म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीला दिलेला शब्द त्यांना आठवला असणार. "काही नाही," ते म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने नाक धरलं आणि घास गिळला. मी खिडकीतून बघत होते. नको, नको, असं माझ्या आत सारखं चाललं होतं. माझ्याजवळ हात असते तर मी तो चमचा उडवून दिला असता. हात नव्हते, आवाज नव्हता, नुसतं पोट होतं.

रोज सकाळी तेच. मग बाबांचं पोट दुखू लागलं. उलट्या सुरू झाल्या. जेवण समोर आलं की ते तोंड फिरवायचे.

"ऊन बाधलंय," जावईबापू म्हणाले. "अशक्तपणा आलाय. आज दोन चमचे देतो, ताकद येईल."

ते दोन चमचे मी आयुष्यभर विसरणार नाही. जावईबापूंनी किती मायेने भरवले म्हणून सांगू! हनुवटीखाली रुमाल धरून, लहान मुलाला भरवतात तसे. संध्याकाळी धाकटी कामावरून आली, तिने बाबांचे डोळे पाहिले आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. डोळे पिवळे झाले होते. ते बाबांना गाडीत घालून दवाखान्यात गेले आणि घरात मी एकटी उरले. पंप चालूच होता. माझ्या पोटात ते ठिपके वाढत होते.

दुसऱ्या दिवशी ताई थेट दवाखान्यात पोचली आणि तिथून बाबांचे कपडे घ्यायला घरी आली. सोबत जावईबापू होते. सवयीने तिने माझं झाकण उचललं आणि वास घेतला. ती तशीच उभी राहिली. मग तिने सूक्ष्मदर्शक काढला आणि एक थेंब काचपट्टीवर ठेवला.

"हे पाणी कुठलं?" तिने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू येईना.

"पिंपातलं," जावईबापू म्हणाले. "हिरवंच होतं, ताई. मला वाटलं..."

"आणि याचीच पूड केलीत?"

जावईबापूंनी मान हलवली. मग त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "बाबांना मीच भरवली," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

ताई रागावली नाही. मला वाटतं, रागावण्याइतकी उसंतच तिला नव्हती. "आधी उठा," ती म्हणाली. "कुणाकुणाला दिली ते आठवा. प्रत्येकाच्या दारात जायचं आणि खरं सांगायचं. आपली चूक झाली म्हणून सांगायचं. एक डबी बाहेर राहता कामा नये."

तिने थोडी पूड तपासणीसाठी डॉक्टरांकडे नेली. डॉक्टर म्हणाले, तपासणीत काय येईल ते येईल, पण संशय खरा दिसतोय, तुम्ही वेळेत आणलंत. बाबा वाचले. घरी आले तेव्हा ते पहिल्यापेक्षाही हलके झाले होते. जावईबापूंनी त्यांना उचलून पायऱ्या चढवल्या. बाबा त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "मी तरी का गप्प बसलो?"

टाक्या रिकाम्या झाल्या. माझं पाणी औषध घालून मारलं गेलं आणि मला पुन्हा उकळत्या पाण्यात घातलं. या वेळी मला तडकण्याची भीती वाटली नाही. निघून जाऊ दे ते सगळं, एवढंच मला वाटत होतं.

जावईबापू दारोदार फिरले. कुणी समजून घेतलं, कुणी तोंडावर दार लावलं, पण डब्या परत आल्या. माणसांचे चेहरे त्यांच्या चांगले लक्षात राहतात. सगळ्या आल्या, एक सोडून.

ती त्यांनी बसथांब्यावर एका बाईला दिली होती. बस येईपर्यंत दोघं बोलत होते. बाई म्हणाली, माझी मुलगी मांस-मच्छी खात नाही, डाळ पाहिली की पळते, शाळेतून आली की नुसती पडून असते. जावईबापूंना दया आली. त्यांनी पिशवीतली डबी तिच्या हातात ठेवली. "झाडपाल्यातलंच आहे, बिनधास्त द्या," असं ते म्हणाले होते. नाव विचारायचं राहून गेलं. तेवढ्यात बस आली.

आता जावईबापू रोज संध्याकाळी त्या थांब्यावर जातात. पूर्वीसारखं कुणाशी बोलत बसत नाहीत, फक्त उतरणाऱ्यांचे चेहरे बघतात. घरी आले की ताई आतून विचारते, "भेटली?" ते नळाखाली हात धुवायला लागतात. मी खिडकीत रिकामी उभी असते आणि माझ्या काचेच्या अंगावर काटा येतो. कारण ती पूड माझ्याच पोटातल्या पाण्याचं भावंड आहे, आणि एखाद्या घरात कुणीतरी ती मायेने केळ्यात कुस्करत असेल.

मित्रांनो, शेवाळ वाईट नाही. त्याने बाबांना एकदा उभं केलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हिरवं आहे, झाडपाल्यातलं आहे, म्हणून ते आपोआप चांगलं होत नाही. ते कुणी वाढवलं, कुणी तपासलं, हे विचारल्याशिवाय, डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तोंडात घालू नका. आणि वास वेगळा आला, तर कुणी हसलं तरी मोठ्याने सांगा.

आणखी एक. तुमच्या घरात फळीवर कुठे पिवळ्या झाकणाची, आत हिरवी पूड असलेली डबी आहे का, ते आजच बघा. असली तर उघडू नका. आईला विचारा, बसथांब्यावर एका बोलक्या माणसाने दिली होती का. त्याच थांब्यावर ते अजून उभे असतात. डबी त्यांच्या हातात नेऊन द्या आणि तू बरी आहेस, एवढं त्यांना सांग, बाळ.